पायाला मुंग्या

चित्र टांगून तिसरा दिवस होता. सासूबाई आदल्या रात्री साताऱ्याहून आल्या होत्या आणि दुपारी वॉकर टेकत टेकत बाथरूमकडे निघाल्या होत्या. पॅसेजमध्ये वॉकरचा आवाज थांबला. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते आणि खरं सांगायचं तर हातातली कोथिंबीर तशीच धरून उभी होते, कारण त्या चित्रात एक बाई आहे आणि तिच्या अंगावर केसांत बांधलेल्या फितीखेरीज काहीही नाही. हे चित्र कुठे लावायचं यावर आमच्याकडे आधीच दोन दिवस खल झाला होता. नवऱ्याचं म्हणणं बेडरूम, माझं म्हणणं हॉल, आणि शेवटी तडजोड म्हणून हा पॅसेज, जिथे पाहुणे थांबत नाहीत आणि दिवाही जेमतेमच आहे. सासूबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. जवळचं पाहायचं असलं की त्या तसंच करतात. नाक जवळजवळ कागदाला लागेपर्यंत वाकल्या. मी मनातल्या मनात उत्तरं जुळवत होते, की जुनं आहे, फ्रान्सचं आहे, कला आहे. त्या सरळ झाल्या, चष्मा खाली घेतला आणि म्हणाल्या, "हिच्या पायाला मुंग्या आल्यात." आणि बाथरूममध्ये गेल्या.

परत येताना पुन्हा थांबल्या. चकाकी नसलेली काच फ्रेमवाल्याकडून अजून यायची होती, म्हणून चित्र तसंच उघडं टांगलेलं होतं. त्यांनी एक बोट त्या बाईच्या पाठीवरून अलगद फिरवलं, बोटाचं टोक पाहिलं. "गेरू आहे होय हा? मग बोटाला कसा येत नाही?"

ते चित्र म्हणजे मुळात चित्रच नाही. दोन वर्षांपूर्वी मुलीकडे लंडनला गेले होते, तेव्हा आम्ही चार दिवस पॅरिसला जाऊन आलो. सेन नदीच्या काठावर कठड्याला लावलेल्या हिरव्या पेट्यांत जुनी पुस्तकं आणि छापील चित्रं विकायला असतात, तिथे एका म्हाताऱ्या विक्रेत्याकडून घेतलेली ही छपाई. खाली एका कोपऱ्यात बूशेचं नाव, दुसऱ्या कोपऱ्यात देमार्तोचं. कागद फार जुना वाटत नाही, नंतरच्या कुठल्या तरी काळात पुन्हा छापलेली असावी, आणि किंमतही तशीच होती. फ्रेंच चित्रकार फ्रान्स्वा बूशे तांबड्या खडूने रेखाटनं करायचा आणि जील देमार्तो ती तांब्याच्या पत्र्यावर उतरवायचा. पत्र्यावर मेणाचा थर, त्यावर दातेरी चाकं फिरवून पाडलेले हजारो बारीक ठिपके, मग आम्ल, मग तांबडी शाई. हातात घेतलं तर वाटावं, खडूचा कण आत्ता बोटाला लागेल. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर पॅरिसमध्ये या युक्तीचं वेड होतं. ज्यांना बूशेचं अस्सल रेखाटन परवडत नव्हतं ते देमार्तोचं घेत, आणि चित्रकला शिकणारी पोरं तीच समोर ठेवून गिरवत. म्हणजे सासूबाईंच्या बोटाने एका फटक्यात ओळखलं की हा गेरू नाही, गेरूचं सोंग आहे. मला ते कळायला एक पुस्तक लागलं होतं.

खरा खडू मात्र गेरूच. फ्रेंचमध्ये त्याला साँगीन म्हणतात, म्हणजे रक्तासारखा. मातीत मिसळलेला लोखंडाचा गंज. आपल्याकडे तुळशीवृंदावनाला लावतात, कुंड्यांना लावतात, कोकणात आणि गोव्यात काव म्हणून भिंतींवर चढतो, तोच. सासूबाईंच्या माहेरी दिवाळीच्या आधी ओसरीच्या कडेने गेरूचा पट्टा ओढायचं काम त्यांच्याकडे असायचं, आणि तो पट्टा सरळ आला नाही म्हणून खाल्लेला मार त्यांना अजून आठवतो. काड्या करून कागदावर वापरायला गेरू जरा घट्ट, चिवट लागतो, इतकाच फरक. कागद जर पिवळसर, तपकिरी असेल तर तो न रंगवताच त्वचेसारखा वाटतो. गेरूने अंगाची ऊब, काळ्या खडूने केस आणि खोलगट सावल्या, पांढऱ्याने खांद्यावरचा किंवा गुडघ्यावरचा उजेड. तीन खडूंची ही रीत फ्रेंचांनी शोधली नाही, पण बूशेच्या आधीच्या वात्तो या चित्रकाराच्या हातात ती जिथे गेली तिथे क्वचितच कुणाच्या हातात गेली असेल. त्याच्याकडे येतेच.

आधी ती बाई. ती पाठमोरी बसली आहे, कापडाच्या एका ढिगावर, तोंड जरासं आमच्याकडे वळवून. डावा हात जमिनीवर टेकलेला. उजवा पाय पुढे पसरलेला, त्यामुळे तो फारसा दिसतच नाही. डावा दुमडून अंगाखाली घेतलेला आणि त्याचा तळवा मांडीखालून बाहेर डोकावतो. तळव्याला चार बोटं जवळजवळ आणि अंगठा मात्र वेगळा, जरा वर उचललेला. मला तो अंगठा नेहमी बूशेचा लाडिकपणा वाटायचा. त्याच्या चित्रांतल्या सगळ्याच बायकांची बोटं अशी काही ना काही करत असतात, कबुतराच्या चोचीसारखी. विकत घेताना मी पाठ पाहिली होती. मणक्याची ती एक ओळ, मानेपासून निघून मध्येच कुठेतरी विरणारी आणि कमरेशी पुन्हा उमटणारी. फितीतून सुटलेली बट पाहिली होती. पाय पाहिलाच नव्हता.

सासूबाईंनी पहिल्यांदा पाय पाहिला. का, ते मी त्यांना रात्री विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. "अगं, दिसतंय की. सगळा भार त्या पायावर आहे, आणि हाताने जरा उचलून धरलंय अंग, म्हणून हात असा ताठ. दळायला बसलं की असंच व्हायचं. एक पाय पसरायचा, एक दुमडायचा, अदलीबदली करायची. पण मध्येच पोर निजलं मांडीवर की मग कसली अदलीबदली? पाय लाकूड व्हायचा." मग जरा वेळाने, दिवा मालवल्यावर, अंधारातून: "किती वेळ बसवलं असंल गं तिला?"

या प्रश्नाने माझी झोप उडवली.

फ्रेंच राजाच्या आश्रयाखाली १६४८ मध्ये चित्रकार-शिल्पकारांची अकादमी निघाली आणि तिचा पाया होता नग्न देह समोर बसवून रेखाटन करण्याचा वर्ग. इतका पाया, की अशा रेखाटनालाच ‘अकादमी’ म्हणू लागले. आधी थोरांची चित्रं गिरवायची, मग प्लास्टरचे पुतळे, आणि मग कुठे जिवंत माणूस. पण तो माणूस म्हणजे पुरुष. अकादमीच्या शाळेत बाई बसवायला मनाई. नात्वार नावाच्या चित्रकाराने १७४६ मध्ये या वर्गाचंच एक रंगीत रेखाटन केलं, ते आज लंडनच्या कोर्टोल्ड कलासंग्रहालयाकडे आहे: भिंतभर टांगलेली मोठमोठी चित्रं, अर्धगोलात दाटीवाटीने बसलेली पोरं, डावीकडे तांबड्या झग्यातला स्वतः नात्वार कुणाचं तरी काम तपासताना, आणि चौथऱ्यावर एकमेकांत गुंतवून उभे केलेले दोन उघडे पुरुष. हे मॉडेल अकादमीचे नोकर होते, पगारी. त्यांचं काम हे काम म्हणून ओळखलं जात होतं. मग व्हीनस, डायना, अप्सरा, न्हाणाऱ्या सुझाना, आणि शतकभर फ्रेंच छतांवरून लोंबणाऱ्या त्या सगळ्या गुलाबी बायका कुठून आल्या? त्या आल्या चित्रकाराच्या खाजगी खोलीतून, मागच्या जिन्याने. तिथे ना नियम, ना नोंदवही. बायकोला बसवा, मोलकरणीला बसवा, नाहीतर कुणाला तरी पैसे देऊन बोलवा. किती दिले, कुणाला दिले, हे सहसा कुणी लिहून ठेवलं नाही.

आणि बघणाऱ्यांतही बाई नव्हती. अकादमी बायकांना सभासद करून घ्यायची, पण एका वेळी चारच. १७८३ च्या मे महिन्यात लाबिय-गियार आणि व्हिजे-लब्रँ या दोघी चित्रकार एकाच दिवशी आत गेल्या आणि कोटा भरला. सभासद झाल्या तरी नग्न मॉडेलच्या वर्गाचं दार त्यांना बंदच. या सगळ्या पाठी, या सगळ्या मांड्या, हे सगळे तळवे अशा डोळ्यांनी टिपले आहेत ज्यांना दळताना पाय लाकूड होतो हे ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. तरीही पाय आला. हे मला सतावत होतं.

बसण्याबद्दल मलाही थोडं ठाऊक आहे, म्हणजे उगाच नाही बोलत. तीनेक वर्षं मी रविवारच्या एका रेखाटनवर्गाला जाते. निवृत्त बँकवाले, दोन डॉक्टर, एक कॉलेजातली मुलगी, असा आमचा जथा. मॉडेल पूर्ण कपड्यांत. एकदा ठरलेला माणूस आलाच नाही आणि मी हौसेने म्हणाले, मी बसते. सूती साडी, पाठीला लोड, खुर्ची आरामाची. पहिली पाच मिनिटं फार छान गेली, मला स्वतःबद्दल काहीतरी उदात्त वाटत होतं. सातव्या मिनिटाला उजव्या खांद्याखाली एक बारीक जाळ सुरू झाला. दहाव्याला नाक खाजलं. त्यानंतर मी खोलीत नव्हतेच, फक्त खांदा होता. वीस मिनिटांनी घंटा झाली आणि सगळे म्हणाले, किती शांत बसलात. त्यांच्या कागदांवरही एक शांत बाई होती. जाळ कुणाच्याच कागदावर नव्हता.

बूशेच्याच काळातला फ्रेंच लेखक दिदेरो याने हे पुरुषांबद्दल म्हणून ठेवलं आहे. चित्रकलेवरच्या आपल्या निबंधात तो अकादमीच्या शाळेवर तुटून पडतो: सात-सात वर्षं पोरं त्या चौथऱ्यावरच्या माणसाकडे बघत बसतात आणि त्यातून काय शिकतात, तर सोंग. तुमच्या अंगणातल्या विहिरीतून जो खरोखर पाणी शेंदतो आणि जो चौथऱ्यावर, हातात काही वजन नसताना, दोन्ही हात वर करून पाणी शेंदल्यासारखं करतो, त्या दोघांत काय साम्य आहे, असं तो विचारतो. वाचलं तेव्हा मी अक्षरशः मान डोलावली. आता वाटतं, दिदेरोचं अर्धंच बरोबर आहे. शेंदणं खोटं असेल, पण उभं राहणं खोटं नसतं. वर धरलेला हात रिकामा असला तरी अर्ध्या तासाने त्याचं स्वतःचं वजनच पुष्कळ होतं. सोंग आणणाऱ्याचाही खांदा जळतोच.

वात्तोला हे माहीत होतं असं मला वाटतं. पुरावा काही नाही, त्याच्या रेषाच. अकादमीच्या चौकटीत तो तसा बसलाच नाही, आणि १७२१ मध्ये क्षयाने गेला तेव्हा जेमतेम ३६ वर्षांचा होता. त्याचा मित्र काउंट द केलूस याने पुढे १७४८ मध्ये अकादमीसमोर त्याचं चरित्र वाचून दाखवलं. त्यात दोन गोष्टी आहेत, आणि त्या एकमेकींच्या शेजारी ठेवल्या की हसू येतं. एक म्हणजे केलूस सांगतो, पॅरिसच्या वेगवेगळ्या भागांत माझ्या काही खोल्या होत्या, त्या आम्ही फक्त मॉडेल बसवायला, रंगवायला आणि रेखाटायला वापरत असू. तिथे ते किती सुखात होते, हा एरवी चिडका, खिन्न माणूस तिथे कसा खुलायचा, तेही सांगतो. आणि दुसरी, थोड्याच अंतरावर, तक्रार: वात्तोने नग्न देह जवळजवळ कधी रेखाटलाच नाही, त्यामुळे त्याला तो ना वाचता येत होता ना मांडता. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, माझंच काही चुकतंय. मग उलगडलं. केलूसच्या लेखी ‘नग्न देह’ म्हणजे अकादमीच्या चौथऱ्यावरचा, स्नायू मोजता येतील असा पुरुष. त्या भाड्याच्या खोल्यांत जी बसली होती ती बाई, ती त्या हिशेबात धरलेलीच नव्हती.

लंडनला असताना मी ब्रिटिश म्युझियमच्या अभ्यासिकेत गेले होते. आधी वेळ ठरवावी लागते, पैसे लागत नाहीत, पेन आत चालत नाही, फक्त पेन्सिल. चपट्या काळ्या पेटीतून एकेक पान काढून समोर ठेवतात आणि तुम्ही आणि ते पान, मध्ये काच नाही. वात्तोची बायकांची डोकी पाहिली, एकाच पानावर तीन-चार, वेगवेगळ्या कोनांतून. त्याला मानेची मागची बाजू फार आवडायची. केस वर बांधल्यावर उघडी पडणारी, दोन-चार बारीक केस सुटलेली ती जागा, आपल्याकडे अंबाडा घालणाऱ्या प्रत्येक बाईची आई जिथे हळूच फुंकर घालते, ती. गेरू तिथे इतका हलका लावला आहे की कागदानेच लाज वाटून रंग घेतला असावा. पण मान सुंदर आहे म्हणून मी थांबले नव्हते. ती दमलेली होती. डोकं किंचित पुढे ओढलं जात होतं आणि मान ते धरून होती. १७१८ च्या सुमाराला त्याने आरामखुर्चीसारख्या लांब आसनावर बसलेल्या, पहुडलेल्या अर्धनग्न स्त्रीची एक मालिकाच केली आहे. ती मी पुस्तकांत पाहिली. शेमीज अर्धी उतरलेली, की अर्धी चढवत असलेली, नक्की कळत नाही. तिथे देवी नाही, हंस नाही, ढग नाही. भार कुठे आहे ते मात्र कळतं. गादीने शरीराला जिथे उलट दाबलं आहे तिथे रेष जाड होते, काळी होते. बाकी सगळीकडे तो खडू टेकवतोय की नाही अशी शंका यावी.

त्याच्याआधी दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी फोंतेनब्लोच्या राजवाड्यात प्रिमातिच्चो नावाचा इटालियन माणूस तांबड्या खडूने फार देखण्या बायका काढत होता. मला त्या आवडतात. पण त्यांच्या मांड्या इतक्या लांब, डोकी इतकी लहान आणि पावलं इतकी निमुळती, की त्यांच्या पायाला मुंग्या येणं शक्यच नाही. तेवढं वजनच नाही त्यांच्यात.

वजन म्हटलं की मला माझं बाळंतपण आठवतं. माहेरी, चौतीस वर्षांपूर्वी. मालिश करायला एक बाई यायच्या, आम्ही त्यांना आक्का म्हणायचो. मोरीत पाटावर बसवायच्या, अंगावर एक सूत ठेवायच्या नाहीत, आणि गरम तेलाचे हात असे चालवायच्या की आपण कणीक आहोत असं वाटावं. पहिल्या दिवशी मी लाजेने मरत होते. पोट सैल, छाती दुखरी, टाके. आक्कांनी माझ्याकडे पाहिलं ते मी अजून विसरले नाही. म्हणजे पाहिलं असंही म्हणवत नाही. हात फिरवता फिरवता म्हणाल्या, "डाव्या अंगावर निजता जास्त." बरोबर होतं. सात महिन्यांपासून मी डाव्या कुशीवरच झोपत होते आणि ते माझ्या पाठीवर कुठेतरी लिहिलेलं होतं. मग मोरीबाहेर बाजेखाली शेगडी, ओवा-बाळंतशेपांची धुरी, डोक्याला फडकं. त्या अवस्थेत मला कुणी काढलं असतं तर काय दिसलं असतं, असा विचार तेव्हा अर्थातच आला नाही. पण वात्तोची ती आसनावरची बाई पाहिली तेव्हा ओव्याच्या धुराचा वास आला, हे खरं आहे. त्याने हावरेपणाने पाहिलं नसेल असं मी म्हणणार नाही. मरण्यापूर्वी आपल्या काही फारच उघड्या कामांची त्याला लाज वाटली आणि ती त्याने नष्ट केली, अशी नोंद आहे. हावरेपण आणि आक्कांचं ते वाचणं, दोन्ही एकाच नजरेत असू शकतं का? माझ्याकडे याचं उत्तर नाही. पानावर तरी दोन्ही दिसतं.

आता बूशे. सासूबाईंच्या प्रश्नानंतर मी त्याच्यावर थोडं नेटाने वाचायला बसले, कारण बाई त्याची होती. तरुणपणी त्याला मोठं काम मिळालं ते वात्तोमुळेच. वात्तो गेल्यावर त्याचा स्नेही जुलियेन याने त्याची रेखाटनं ताम्रपटांवरून छापायचा घाट घातला, १७२६ आणि १७२८ अशा दोन खंडांत साडेतीनशेच्या आसपास पानं. त्यातली शंभराहून जास्त एकट्या बूशेने कोरली. दिवसाला चोवीस लिव्हर (तेव्हाचं फ्रेंच चलन) मिळायचे आणि दोघेही खूश, कारण पोराचा हात झपाट्याचा होता, असं मारिएत या तेव्हाच्या चित्रसंग्राहकाने लिहून ठेवलं आहे. म्हणजे वात्तोची रेष जो गिरवत होता त्याचा रोज आपल्याला माहीत आहे. केलूसच्या खोलीत जी बसली होती तिचा नाही. असो. मुद्दा असा, की बूशेने वात्तोचा भार, वात्तोची दमलेली मान, शंभर वेळा आपल्या मनगटातून जाऊ दिली. पुढे तो अफाट चालला. आपण दहा हजार रेखाटनं केली असा त्याचा स्वतःचाच हिशेब होता. राजाची प्रेयसी मादाम द पोंपादूर हिचा लाडका, राजाचा पहिला चित्रकार. दिदेरो त्याच्यावर जळायचा आणि भाळायचाही. या माणसाकडे सगळं आहे, फक्त सत्य नाही, असं त्याने १७६१ मध्ये लिहिलं, आणि पुढे एकदा तर, याच्या एका चित्रातली हरममधली उघडी दासी म्हणजे याची स्वतःची बायको, असा टोमणाही मारला.

आणि मग मला रेनॉल्ड्सचा तो उतारा सापडला. इंग्रज चित्रकार, तिकडच्या अकादमीचा अध्यक्ष. विद्यार्थ्यांपुढच्या १७८४ च्या भाषणात तो सांगतो, की फ्रान्समध्ये मी बूशेला भेटायला गेलो तेव्हा तो एका भल्यामोठ्या चित्रावर काम करत होता आणि समोर ना रेखाटन होतं, ना मॉडेल. मी आश्चर्य दाखवलं, तर म्हणाला, तरुण होतो, शिकत होतो, तेव्हा मॉडेलची गरज वाटायची, आता कित्येक वर्षं झाली सोडून.

कित्येक वर्षं झाली सोडून!

मी पॅसेजमध्ये जाऊन दिवा लावला. रात्रीचे साडेअकरा. बाई तशीच पाठ करून बसली होती. म्हणजे कदाचित ती नव्हतीच. कदाचित कुणीच कुठल्याच ढिगावर बसलं नव्हतं, कुणाचाच पाय बधिर झाला नव्हता. बूशे सकाळी उठला, खडू घेतला, पन्नास वर्षांच्या सवयीने एक पाठ ओढली, खाली तळवा बसवला, अंगठा उचलला आणि देमार्तोकडे पाठवून दिलं. आणि माझ्या सासूबाई तिच्या पायाची काळजी करत आहेत. मला रागही आला आणि थोडं हसूही. पण त्या हाताकडे बघत राहिले. जमिनीवर टेकलेला, कोपरापासून ताठ, अंग जरासं उचलून धरणारा. हे कोणी मनाने काढत नाही. काढलं तरी ते कुठून तरी आलेलं असतं. तीस-चाळीस वर्षांपूर्वी एखाद्या खोलीत कुणीतरी खरंच पाय दुमडून बसली असेल, आणि तिने न सांगता, त्याचं लक्ष नाही असं पाहून, हातावर भार घेतला असेल. त्याने तेही टिपलं असेल. मग तिचं नाव गेलं, ती गेली, मॉडेल बोलावणं बंद झालं, पण बाई बसवायची म्हटलं की त्याच्या मनगटातून तो ताठ हात आपोआप येत राहिला. किंवा तो वात्तोचा हात असेल. किंवा मी उगाच एका स्वस्त छपाईवर महाल बांधते आहे. ते नाकारता येत नाही.

पुढच्या पिढीत प्रूदाँ नावाचा चित्रकार येतो. निळ्या कागदावर काळा आणि पांढरा खडू, चंद्रप्रकाशात ठेवल्यासारखी शरीरं. त्याच्या आवडत्या मॉडेलचं नाव निदान परंपरेने आपल्यापर्यंत आलं आहे: मार्गरीत. आडनाव नाही. पण मार्गरीत. कुठल्याही पुस्तकात ते नाव आलं की मी थांबते, लग्नाच्या गर्दीत आपल्या गावचं कुणी भेटावं तशी.

परवा दुपारी घरात कुणी नव्हतं. सासूबाई खोलीत पडल्या होत्या. मी हॉलमध्ये सतरंजी घातली, त्यावर जुन्या चादरींचा ढीग केला, मोबाइलवर वेळ लावली आणि त्या बाईसारखी बसले. पंजाबी ड्रेसमध्ये, उगाच कुणाचा गैरसमज नको. डावा पाय दुमडून खाली, उजवा पसरलेला, डावा हात जमिनीवर, मान मागे. आमच्या हॉलच्या फरशीला दुपारीही गारवा असतो. चार मिनिटांनी घोट्याचं हाड जाणवायला लागलं. सहा मिनिटांनी हात आपोआप ताठ झाला, मी ठरवलं नव्हतं. नऊ मिनिटांनी पायाची जाणीव गेली, आणि मग एकदम, सोडावॉटर ओतल्यासारखं, बोटांपासून वर. अकराव्या मिनिटाला दाराची बेल वाजली. कुरियर असणार. उठायला गेले तर डावा पाय माझा नव्हताच. मी तशीच हातावर तोलून, अर्धी उठलेली, "आले, आले" असं ओरडत होते.

आतून, पडल्या जागेवरूनच, आवाज आला. "लगेच उठू नको. पडशील. आधी अंगठा हलव. बाकीची बोटं राहू देत, नुसता अंगठा."

बेल पुन्हा वाजली. मी अंगठा वर उचलला.